स्कूल बोर्डाचा एक उमेदवार : टी. एच. हक्स्ले यांचीं लोकशिक्षणविषयक मतें (इ. स. १८७०)

१. विषयोपन्यास

इ. स. १८७० च्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ व्या तारखेस लंडन शहरीं एक निवडणूक झाली. ती पार्लमेंटची नव्हती. गोरगरिबांच्या मुलांकरितां सार्वजनिक पट्टींतून शाळा चालविणाऱ्या एका नव्या मंडळाची होती. या मंडळास ‘स्कूल बोर्ड’ असें नांव होतें, व तेंच नांव पुढें मुंबई इलाख्यांतहि रूढ झालें. या निवडणुकींत मेरिलबोन विभागांतून उभे राहिलेले एक उमेदवार म्हणजे प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्ले हे होत. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे कैवारी म्हणून त्यांचें नांव आपल्याकडे सर्वश्रुत आहे. शाळांच्या कारभारांत शिरून त्यांनीं जें केलें, त्याचा मात्र आपल्याकडे फारसा विचार झालेला नाहीं.

उमेदवार निवडणुकीच्या सुमारास काय बोलतो, निवडून आल्यावर काय करितो, आणि तो निघून गेल्यावर त्यांतलें काय उरतें, या तीन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची संधि इतिहासाच्या अभ्यासकास क्वचितच मिळते. हक्स्ले यांच्या बाबतींत ती मिळते. त्यांचीं मतें त्यांच्याच निबंधांत नमूद आहेत, बोर्डानें स्वीकारलेली शिक्षणयोजना उपलब्ध आहे, आणि बोर्डाचा शेवट कसा झाला हेंहि ठाऊक आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, लोकशिक्षण सुधारूं पाहणाऱ्या सभासदाचें मोल त्याच्या श्रद्धेच्या उंचीवरून ठरवूं नये. त्या श्रद्धेपैकीं कितीचा नियम झाला, व त्या नियमास कायद्याचा पाया किती होता, यावरून तें ठरवावें. या दोन्ही कसोट्या हक्स्ले यांच्या चरित्रांत एकत्र सांपडतात.

२. कायद्याची पूर्वपीठिका

१८७० पूर्वीं इंग्लंडांतील प्राथमिक शिक्षण मुख्यतः धर्मपंथांच्या संस्थांकडे होतें. त्यांत १८११ सालीं स्थापन झालेली अँग्लिकन पंथाची ‘नॅशनल सोसायटी’ प्रमुख होती. सरकारनें १८३३ सालापासून अशा शाळांस मदत देण्यास आरंभ केला. पहिली रक्कम २०,००० पौंडांची होती. पुढें ही मदत वाढत गेल्यावर खर्चास आळा घालण्याकरितां रॉबर्ट लो यांनीं १८६२ मध्यें अशी पद्धति घातली कीं, तपासनिसापुढें मूल वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत जसें उतरेल, तशी शाळेची ग्रँट ठरावी. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्या विषयास पैसा नाहीं तो विषय मागें पडला, आणि ज्यास पैसा आहे तो घोकंपट्टीनें तयार होऊं लागला.

१७ फेब्रुवारी १८७० रोजीं डब्ल्यू. ई. फॉर्स्टर यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल पार्लमेंटपुढें मांडलें व त्याच वर्षाच्या ९ ऑगस्टला तें कायदा झालें. ज्या भागांत शाळा पुऱ्या पडत नाहींत, तेथें लोकनियुक्त बोर्ड असावें. त्यानें स्थानिक पट्टी बसवून शाळा काढाव्या. वाटल्यास ५ ते १३ वर्षांच्या मुलांस हजेरीची सक्ति करणारे पोटनियम करावे. फी आठवड्यास नऊ पेन्सांहून अधिक नसावी. आणि बोर्डाच्या शाळेंत कोणत्याहि एका पंथाची विशिष्ट प्रश्नोत्तरी शिकवूं नये, असा त्याचा इत्यर्थ होता. सक्ति करावी असें कायदा म्हणत नव्हता. सक्ति करूं इच्छिणाऱ्यास अधिकार देत होता. शिक्षण मोफतहि नव्हतें. तात्पर्य, हा कायदा बव्हंशीं अनुज्ञा देणारा होता, आज्ञा करणारा नव्हता. अनुज्ञेचा उपयोग कोण कसा करील, हें निवडून येणाऱ्या माणसांवर अवलंबून होतें.

लंडनच्या बोर्डाचे सभासद ४९ व विभाग १० होते. विभागांत जितक्या जागा, तितकीं मतें प्रत्येक मतदारास असत, आणि तीं सर्व मतें एकाच उमेदवाराच्या पारड्यांत टाकण्याची त्यास मुभा होती. हेतु हा कीं, अल्पसंख्य पंथांसहि एखादी जागा मिळावी. पट्टी भरणाऱ्या स्त्रियांस मत होतें व स्त्रियांस उभें राहण्यासहि हरकत नव्हती. पार्लमेंटचें दार स्त्रियांस बंद असतांना शाळेचें दार असें उघडें राहिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

३. उमेदवार

हक्स्ले यांचा जन्म ४ मे १८२५ रोजीं ईलिंग येथें झाला. वडील तेथील एका शाळेंत गणित शिकवीत. परंतु मुलाच्या वांट्यास आलेलें शाळेंतील शिक्षण अवघें दोन वर्षांचें, व त्याची आठवणहि पुढें त्यांस गोड वाटली नाहीं. बाकीचें सर्व स्वाध्यायानें झालें. १८४६ ते १८५० या काळांत ‘रॅटलस्नेक’ या लढाऊ गलबतावर सहायक शस्त्रवैद्य म्हणून असतांना त्यांनीं समुद्रांतील प्राण्यांचा अभ्यास केला, १८५१ त रॉयल सोसायटीचे सभासद झाले, व १८५४ पासून खनिशास्त्राच्या सरकारी विद्यालयांत शिकवूं लागले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं कामकऱ्यांसाठीं व्याख्यानें सुरू केलीं. ‘ॲग्नॉस्टिक’, म्हणजे अज्ञेयवादी, हा शब्द १८६९ सालीं त्यांनींच घडविला.

असा मनुष्य निवडून येईल काय, याची शंका येणें साहजिक होतें. मेरिलबोनच्या सात जागांचा निकाल लागला तेव्हां पहिलें नांव हक्स्ले यांचें नव्हतें. स्त्री-डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट यांस ४७,८५८ मतें पडलीं. साऱ्या लंडनांत तितकीं कोणासच मिळालीं नाहींत. हक्स्ले १३,४९४ मतें मिळवून दुसरे आले. ग्रिनिच विभागांतून एमिली डेव्हिस निवडून आल्या. १५ डिसेंबरला गिल्डहॉलमध्यें पहिली सभा भरली व अध्यक्षपदीं लॉर्ड लॉरेन्स यांची निवड झाली. हे लॉरेन्स म्हणजे १८६४ ते १८६९ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले सर जॉन लॉरेन्सच होत.

४. निबंध व त्यांतील मतें

हक्स्ले यांचा निबंध ‘काँटेम्पररी रिव्ह्यू’ या मासिकाच्या डिसेंबर १८७० च्या अंकांत आला. स्कूल बोर्डें आज काय करूं शकतात व पुढें काय करूं शकतील, असा त्याच्या नांवाचा आशय आहे. साधनाचा कस लावतांना येथें एक गोष्ट नोंदली पाहिजे. निबंधाच्या आरंभींच लेखक बजावतो कीं, हा निवडणुकीचा जाहीरनामा नव्हे, कारण मतदान उरकल्यावरच हा लेख वाचकांच्या हातीं पडणार आहे. परंतु संपादकानें, लोकहितार्थ म्हणून, लेखांतील एक उतारा मतदानापूर्वींच वृत्तपत्रांकडे पाठविला, व तसें तळटीपेंत कबूलहि केलें. म्हणजे जाहीरनामा नसलेल्या लेखाचा जाहीरनाम्यासारखा उपयोग झाला खरा. पण तो मतें मिळविण्याच्या हेतूनें लिहिला नव्हता, यास ही तळटीपच पुरावा आहे. म्हणून त्यांतील मतें त्यांचीं खरीं मतें धरण्यास आम्हांस हरकत वाटत नाहीं.

आमच्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी असे चार अनुबंध सांगण्याची चाल आहे. हक्स्ले यांच्या विचारास तीच फूटपट्टी लावूं.

अधिकारी कोण? या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं दोन वर्षांपूर्वींच, ४ जानेवारी १८६८ रोजीं दक्षिण लंडनमधील कामकऱ्यांच्या कॉलेजांत दिलेल्या व्याख्यानांत दिलें होतें. त्या काळीं गरिबांस शिकवावें असें म्हणणारे पुष्कळ होते, पण प्रत्येकाचें कारण निराळें. मुत्सद्दी म्हणत, मताधिकार मिळालेला वर्ग उद्यां आपला धनी होणार, त्यास शहाणा करा. धर्मोपदेशकांस नास्तिकतेची भीति होती. कारखानदारांस परदेशी मालाशीं टक्कर देणारे कुशल हात पाहिजे होते. हक्स्ले यांनीं हीं सर्व कारणें बाजूस सारून सांगितलें कीं, हीं माणसें आहेत, आणि माणसाच्या अंगीं जें होण्याचें, करण्याचें व सोसण्याचें सामर्थ्य असतें तें यांच्याहि अंगीं आहे, म्हणून यांस शिकवावयाचें. अधिकारिभेदाच्या वादांत मुरलेल्या आमच्यासारख्यांस या उत्तराचें वजन चटकन् कळतें.

विषय कोणते? निबंधांत त्यांनीं प्रथम शरीर घेतलें. शहराच्या गल्लींत वाढणाऱ्या मुलास मैदान नाहीं व हवा नाहीं, म्हणून कवायत व व्यायाम ही शाळेची पहिली जबाबदारी. दुसरा विषय गृहकृत्यांचा, विशेषतः मुलींकरितां. स्वयंपाक व काटकसर न कळल्यानें गरिबाचें घर अधिक गरीब होतें, असें त्यांचें म्हणणें. तिसरा आचरणाच्या मूलतत्त्वांचा. चौथा बुद्धीचा, त्यांत वाचन, लेखन व गणित हीं साधनें, आणि त्यांच्या जोडीस सृष्टिशास्त्राचीं मूलतत्त्वें, चित्रकला व गायन. तीन विषयांवर ग्रँट मिळणाऱ्या काळांत ही यादी केवढी धीट होती, हें वर्गांत आयुष्य घालविलेल्या माणसास सांगावयास नको. आम्हीं तीस-पस्तीस वर्षें पाहिलें तें असें कीं, शाळा पाहण्यास आलेला पाहुणा प्रथम हजेरीपट मागतो, मग निकालाचा तक्ता मागतो, आणि वेळ उरल्यास मुलांकडे पाहतो. हक्स्ले यांच्या यादींत मूल पहिलें आहे, तक्ता शेवटीं आहे.

प्रयोजनाविषयींहि ते स्पष्ट होते. समाजांत कित्येक निर्बुद्ध माणसें केवळ जन्माच्या आधारानें वर तरंगत राहतात, आणि कित्येक बुद्धिमान् माणसें केवळ शिक्षणावांचून तळाशीं बुडतात. या दोन्ही प्रकारांनीं राष्ट्राचें नुकसान होतें. शाळेनें गुणी मुलास वर येण्याची वाट करावी. याच विचारास पुढें त्यांनीं शिडीची उपमा दिली : तिचा खालचा पाय गल्लीच्या गटारांत, आणि वरचें टोंक विद्यापीठांत.

राहिला संबंध, म्हणजे राज्यसंस्थेचा शाळेशीं संबंध. हक्स्ले यांचे जिवलग मित्र हर्बर्ट स्पेन्सर यांचें मत असें कीं, सरकारनें शिक्षणांत हात घालूंच नये. स्पेन्सर यांचे ग्रंथ पुण्यामुंबईच्या सुधारकांनीं किती आदरानें वाचले, हें आगरकरांच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या मतास हक्स्ले यांनीं ऑक्टोबर १८७१ मध्यें बर्मिंगहॅम येथील व्याख्यानांत उत्तर दिलें, व त्या मतास शासनविषयक शून्यवाद असें नांव ठेविलें. शेजाऱ्याचें अज्ञान ही शेजाऱ्याचीच बाब राहत नाहीं, म्हणून तें दूर करणें हें समाजाचें सामायिक कर्तव्य ठरतें, हा त्यांच्या उत्तराचा सारांश.

५. बायबलाचा प्रश्न

अज्ञेयवादी हक्स्ले बोर्डाच्या शाळेंत बायबल वाचवून घेण्यास अनुकूल होते, याचें तेव्हां अनेकांस आश्चर्य वाटलें. त्यांची उपपत्ति अशी : पंथांची मतप्रणाली निराळी व आचरणाची शिकवण निराळी. तो ग्रंथ इंग्रज लोकांच्या इतिहासांत व भाषेंत विणला गेलेला आहे. ज्या मुलानें आपलें खेडें सोडून दुसरें जग पाहिलें नाहीं, त्यास तो प्राचीन काळाची ओळख करून देतो. तेव्हां भूगोल, इतिहास व व्याकरण यांपुरतें विवरण करून सामान्य शिक्षकानें तो वाचवावा. पंथविद्या मात्र दूर ठेवावी. मार्च १८७१ मध्यें डब्ल्यू. एच. स्मिथ यांच्या ठरावानें बोर्डानें साधारण हाच मार्ग पत्करला.

या भूमिकेस दोन बाजू आहेत. ग्रंथ भाषेकरितां वाचावा व श्रद्धेकरितां वाचूं नये, हें लेखणीनें लिहिणें सोपें. वर्गांत तो भेद पाळणें शिक्षकाच्या स्वभावावर अवलंबून राहतें. संस्कृत शिकवितांना स्तोत्र आणि काव्य यांमधील हीच सीमा आम्हांसहि पदोपदीं सांभाळावी लागली आहे. शिवाय हक्स्ले यांचा समभाव सर्वांस सारखा पोंचत नव्हता. रोमन कॅथलिक पंथाच्या शाळांकडे पट्टीचा पैसा जाण्यास त्यांनीं कडाडून विरोध केला, व त्या पंथाविषयींची त्यांची भाषा तिखट होती. गुणदोष दोन्ही लिहावे, हाच इतिहासाचा धर्म.

६. बोर्डांतील काम

निवडून आल्यावर हक्स्ले शिक्षणयोजना ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. १८७१ च्या मध्यास समितीचें निवेदन पुढें आलें. त्यांत शिशु, कनिष्ठ व वरिष्ठ अशा तीन पायऱ्यांच्या शाळा सुचविल्या होत्या. आवश्यक विषयांत नीतिधर्माची शिकवण, वाचन, लेखन व गणित यांजबरोबर सृष्टिशास्त्राकडे नेणारे क्रमवार वस्तुपाठ, इंग्लंडचा इतिहास, भूगोल, चित्रकला, गायन व कवायत हीं घातलीं होतीं. मुलींस शिवणकाम होतें. बीजगणित, भूमिति व गृहव्यवस्था हे ऐच्छिक विषय होते. डिसेंबरचा निबंध व जूनचें निवेदन शेजारीं ठेवावें, म्हणजे दोहोंचा लेखक एकच आहे हें सांगावें लागत नाहीं.

छडीबाबतचा बोर्डाचा नियमहि उल्लेखनीय आहे. मुलास मारणें हा उत्सर्ग नव्हे, अपवाद; तो अधिकार मुख्य शिक्षकाच्या जबाबदारीवर, शिकाऊ शिक्षकास मुळींच नाहीं; आणि प्रत्येक प्रसंगाची वहींत नोंद झाली पाहिजे. जी गोष्ट लिहून ठेवावी लागते ती करण्यापूर्वीं हात थबकतो, हें मानवी स्वभावाचें ज्ञान त्या नियमांत आहे. तसेंच, शास्त्र शिकवावयाचें तर तें येणारा शिक्षक आधीं हवा, हें ओळखून १८७१ च्या उन्हाळ्यांत हक्स्ले यांनीं दक्षिण केन्सिंग्टन येथें शिक्षकांचाच वर्ग चालविला, व त्यांस पुस्तक मिटून प्रत्यक्ष प्राणी व वनस्पति हातीं घ्यावयास लाविलें. सुधारणेचा ठराव करणारे पुष्कळ. ठरावानंतर शिक्षकापाशीं जाऊन बसणारा विरळा.

या श्रमानें प्रकृति ढांसळली व १८७२ च्या आरंभीं त्यांनीं राजीनामा दिला. एकंदर सभासदत्व सुमारें चौदा महिन्यांचें. पण योजना बोर्डाच्या दप्तरीं राहिली, आणि पुढील तीस वर्षें लंडनच्या शाळा तिच्याच चौकटींत वाढल्या.

७. शिडीची गति

शिडीचें भाग्य मात्र निराळें ठरलें. सक्ति १८८० च्या कायद्यानें सर्वत्र आली. १८९१ च्या कायद्यानें बहुतेक शाळांतील फी गेली. मुलें अधिक वर्षें शाळेंत राहूं लागलीं, तशीं लंडनच्या व इतर शहरांच्या बोर्डांनीं वरच्या इयत्तांच्या शाळा व प्रौढांचे रात्रीचे वर्ग काढले. शिडीच्या एकेक पायऱ्या चढत होत्या. परंतु १८७० चा कायदा ‘प्राथमिक’ शिक्षणाचा होता, व या पायऱ्यांस त्यांत जागा नव्हती. १८९९ सालीं हिशेबतपासनीस कॉकर्टन यांनीं लंडन बोर्डाचा असा खर्च नामंजूर केला, आणि १९०१ मध्यें न्यायालयानें तोच निर्णय कायम केला. १९०२ च्या कायद्यानें इंग्लंडांतील बोर्डें गेलीं, व १९०४ सालीं लंडनचेंहि बोर्ड विसर्जित झालें. हक्स्ले १८९५ तच वारले होते. बोर्डांनीं केलें तें वाईट होतें असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. तें करण्याचा त्यांस अधिकार नव्हता, एवढेंच म्हटलें. निबंधाच्या नांवांतील ‘आज’ आणि ‘पुढें’ यांमधील अंतर कायद्यानें भरून न काढल्यानें शिडी मध्येंच तुटली.

८. आपल्या इतिहासाशीं संबंध

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन सादर केलें. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. मोडी, बालबोध व हिशेब यांबरोबर इतिहास, भूगोल, शेतीचीं मूलतत्त्वें, नीति व आरोग्य यांचे धडे द्यावे, अशी त्यांची मागणी होती. दोघांच्या याद्या किती जवळ येतात हें दिसतेंच. एकानें दुसऱ्याचें वाचलें होतें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. गरिबाच्या मुलास काय पाहिजे हें त्याच्याकडेच पाहून ठरविलें, तर लंडनांत व पुण्यांत उत्तर फारसें वेगळें येत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. भेद आहे तो दुसरीकडे. हक्स्ले यांची भिस्त लोकनियुक्त बोर्डावर होती. फुले यांनीं सांगितलें कीं, मोठ्या शहरांतील म्युनिसिपालिट्यांनीं शाळांचा खर्च द्यावा, पण कारभार त्यांच्या हातीं देऊं नये. तो शिक्षणखात्याच्या देखरेखीखालीं असावा. जेथें निवडून येणारा वर्ग एक व शाळेंत येणारें मूल दुसऱ्या वर्गाचें, तेथें लोकनियुक्त मंडळहि परकें होऊं शकतें, हें त्यांच्या सूचनेचें मर्म आहे. लंडनच्या अनुभवास ही पुस्ती जोडल्याशिवाय विचार पुरा होत नाहीं.

१६ मार्च १९११ रोजीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें, तेव्हां त्याचा आधार म्हणून त्यांनीं १८९२ चा आयर्लंडचा व १८७० आणि १८७६ चे इंग्लंडचे कायदे सांगितले. तेंहि बिल अनुज्ञेचेंच होतें. स्थानिक संस्थांस वाटल्यास त्यांनीं सक्ति लागू करावी, व दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्तीच्या पालकांस फी माफ असावी, इतकेंच त्यांत होतें. १९ मार्च १९१२ रोजीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला; मुंबई इलाख्यांत १९२३ च्या कायद्यानें स्कूल बोर्डें अस्तित्वांत आलीं. नांव लंडनचेंच होतें, पण लंडनांत तें नांव १९०४ मध्येंच पुसलें गेलें होतें.

९. उपसंहार

आतां शिक्षणाचा हक्क घटनेंत आला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा अधिकार दिला, शारीरिक शिक्षेस बंदी केली, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे असें ठरविलें. फुले यांनीं दाखविलेली फट बुजविण्याचा हा एक उपाय आहे. पण समितींत बसलेला पालक काय मानतो व काय करितो, हा प्रश्न १८७० इतकाच आजहि उघडा आहे. हक्स्ले यांच्यासारखी विद्वत्ता त्याच्यापाशीं नसेल. तिची गरजहि नाहीं. मूल आधीं व तक्ता नंतर, इष्ट वाटेल तें नियमांत लिहून ठेवावें, आणि नियमामागें अधिकार आहे कीं नाहीं तें आधीं पाहून घ्यावें, या तीन गोष्टी कोणासहि शिकतां येण्यासारख्या आहेत.

शेवटीं अभ्यासकांस एक विनंति. लंडनच्या बोर्डाचे ठराव जपून ठेविलेले आहेत, म्हणून हा निबंध लिहितां आला. १९२३ नंतर आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून जीं स्कूल बोर्डें झालीं, त्यांच्या सभासदांनीं कोणत्या गांवास शाळा दिली, कोणत्या वस्तीस नाकारली, कोणत्या मुलांस ओसरीवर बसविलें व कोणाच्या आग्रहानें आंत घेतलें, हें त्यांच्या सभांच्या वह्यांतच असावयाचें. अशा वह्या जेथें कोठें कपाटांत किंवा माळ्यावर उरल्या असतील, तेथून त्या वाळवी लागण्यापूर्वीं मिळवाव्या व त्यांच्या नकला करून ठेवाव्या. आपल्याकडे कोणाची श्रद्धा नियमापर्यंत पोंचली आणि कोणाची भाषणांतच राहिली, याचा निवाडा त्यावांचून व्हावयाचा नाहीं.